१९६५ च्या बीटलला युरोपियन ब्लेड बंपर आणि नवे मडगार्ड: रंग आधी की फिटिंग आधी?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: गाडी १९६५ ची फोक्सवॅगन बीटल, बडोद्यात आहे. बंपरवर अमेरिकन पद्धतीच्या ट्यूब (वरच्या आडव्या नळ्या) आहेत, त्या काढून साधे युरोपियन ब्लेड बंपर, म्हणजे नुसत्या आडव्या पट्टीचे, लावायचे आहेत. चारही मडगार्ड सडलेत. डेंटर म्हणतो, आधी रंग मारू, फिटिंग नंतर बघू.

रंग आधी मारू देऊ नका. बीटलचे बंपर-ब्रॅकेट मडगार्डच्या खाचेतून आत जातात आणि बॉडीला बोल्टने बसतात. मडगार्ड दोन-तीन मिलिमीटर जरी सरकला तरी ब्रॅकेट खाचेच्या कडेला टेकतो. मग गाडी हलली की रंग खरवडला जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. म्हणून सगळा सांगाडा उघड्या पत्र्यावर किंवा नुसत्या प्रायमरवर एकदा पूर्ण जुळवायचा, सगळं खोलायचं आणि मग रंगाला पाठवायचं.

खरेदी करताना एकच तारीख डोक्यात ठेवा: ऑगस्ट १९६७. त्या महिन्यापासून बीटलला चौकोनी घडणीचा, जरा उंचावर बसणारा बंपर आला. त्यासाठी पुढचं-मागचं झाकण आखूड झालं, दोन्हीकडचे ॲप्रन (झाकणाखालचा, बंपरमागचा पत्रा) बदलले आणि मडगार्डही बदलले. तुम्हाला त्याच्या आधीचा माल लागेल. पुढच्या मडगार्डची ओळख सोपी आहे. तिरप्या काचेच्या हेडलाइटचा असेल तर तुमचा, उभ्या काचेचा असेल तर नंतरचा. मागचा मडगार्ड १९६२ ते ६७ च्या टेललाइटचा हवा. ‘थोडं कापून बसेल’ असं कोणी म्हणालं तर घेऊ नका, कारण कापावा लागतो तो ॲप्रन आणि तो बॉडीचाच भाग आहे. जुने बंपर तसेच वापरायचा विचार असेल तर ब्लेड नीट तपासा. ट्यूबच्या टोकांसाठी पाडलेली जादा भोकं त्यात असतात. ती वेल्डिंगने बुजवून घासावी लागतात, आणि हे प्लेटिंगच्या आधीच करायचं.

आता जुळवणी. सुरुवात दरवाजापासून करा, कारण मडगार्ड, फूटबोर्ड आणि बंपर या सगळ्यांची रेषा तिथून निघते. दरवाजाची गॅप वर-खाली सारखी नसेल तर खालचा हीटर चॅनल (दरवाजाखालची पत्र्याची पोकळ पेटी) सडलेला किंवा चुकीचा वेल्ड झालेला असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलेल्या गाड्यांत तर हा चॅनल उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. आत गाळ राहतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. दरवाजा जुळला की फूटबोर्ड सैल लावा, मग मडगार्ड सैल लावा आणि बोल्ट सगळीकडून थोडेथोडे आवळत आणा.

मडगार्डचे बोल्ट M8 (८ मिमीचे), पिच (आट्यांमधलं अंतर) १.२५, प्रत्येक मडगार्डला साधारण दहा. ते बॉडीत वेल्ड केलेल्या नटांत जातात, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. दोन दिवस आधीपासून पेनिट्रेटिंग ऑइल सोडत राहा, बोल्ट एकदम न फिरवता पाव फेरा पुढे-मागे करत काढा. तुटलाच तर मधोमध पंच मारून ६.८ मिमी ड्रिलने पोखरा आणि M8 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. नटच बॉडीत फिरायला लागला तर जोर लावू नका, पत्रा फाटेल. आतून नवा नट वेल्ड करा. नव्या बनावटीच्या मडगार्डांची भोकं बऱ्याचदा मूळ जागेवर नसतात. अशा वेळी गोल कानशीने मडगार्डचं भोक लांबवा. बॉडीची कड ठोकून जुळवायचा मोह डेंटरला होतो, पण तो होऊ देऊ नका.

बंपर आणि ब्रॅकेट बाहेरच जोडून घ्या, बोल्ट बोटाने फिरतील इतके सैल ठेवा, मग दोघांनी धरून ते एकत्र खाचेतून आत सरकवा. खाचेचं रबर आधी ब्रॅकेटवर चढवायला विसरू नका. ॲप्रनपासून ब्लेडचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला मोजा. फरक एक-दोन मिलिमीटरचा असेल तर वॉशरने भरून निघतो. त्याहून जास्त असेल तर ब्रॅकेट वाकलेला आहे किंवा पुढचा भाग कधीतरी ठोकर खाऊन बसला आहे. तिथे वॉशरांची चळत लावून काम भागवू नये.

क्रोमबद्दल थोडं सविस्तर सांगतो. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) करा किंवा आणखी कुठे, तांबं, निकेल, क्रोम असे तिन्ही थर द्यायला सांगा. चमक क्रोमची असते, पण तो थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. गंजापासून वाचवतं ते खालचं निकेल, आणि ते २० ते ३० मायक्रॉन हवं. स्वस्तातला प्लेटर तिथेच हात आखडता घेतो. ब्लेडच्या आतल्या वळणात प्लेटिंग पातळ चढतं, म्हणून मागच्या बाजूला झिंक प्रायमर आणि ॲल्युमिनियम पेंट मारा. स्टेनलेस स्टीलचा तयार बंपरही चालतो. त्याची झाक जराशी पिवळसर असते, इतकंच. मात्र स्टेनलेस ब्लेड आणि साध्या लोखंडी ब्रॅकेटच्या मध्ये नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर ब्रॅकेट लवकर गंजतो.

रंग झाल्यावर बीडिंग, म्हणजे मडगार्ड आणि बॉडीच्या मधली प्लॅस्टिकची पट्टी. बोल्टच्या जागी U आकाराच्या खाचा पाडा, बीडिंग थोडा वेळ उन्हात ठेवून मऊ करा, वरच्या मधल्या बोल्टपासून दोन्ही टोकांकडे आवळत जा. हातपाना वापरा, इम्पॅक्ट गन नको.

इथे एक अडचण बहुतेकांना येते: सगळं चकचकीत बसतं आणि दिवे मिणमिणतात. दिव्यांची अर्थिंगची जोडणी मडगार्डच्या बोल्टांमधून जाते. नवा रंग आणि प्लॅस्टिकची बीडिंग तीच तोडतात. तुमची गाडी ६ व्होल्टची असेल तर परिणाम आणखी ठळक दिसतो. प्रत्येक दिव्यापासून बॉडीपर्यंत तपकिरी रंगाची स्वतंत्र वायर ओढा.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे, त्यामुळे २०२१ च्या नियमांखाली विंटेज नोंदणीचा विचार असेलच. त्यात चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. बोल्टने बसणारे मडगार्ड आणि बंपर बदलणं माझ्या मते त्यात मोडत नाही. ॲप्रन कापणं मोडू शकतं. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसला झालं तसल्या प्रदर्शनात गाडी न्यायची असेल, तर जुन्या ट्यूब आणि ब्लेड फेकू नका. खोलण्याआधीचे फोटोही जपून ठेवा.

शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्यावर मडगार्डचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. बीडिंग दबते, त्यामुळे ते सैल झालेले असतात.