ताई, घरात डब्यांचा ढीग झालाय!

प्रश्न : ताई, मी घरातलं सहसा काहीच टाकत नाही. काचेच्या बरण्या, प्लॅस्टिकचे डबे, जुने टीशर्ट, सगळं "लागेल कधीतरी" म्हणून ठेवते. आता कपाट उघडलं की डबे अंगावर येतात आणि नवरा म्हणतो, तू कचरा कमी करत नाहीयेस, फक्त घरातच साठवतेयस. काय करू?

उत्तर : रागवू नका, पण त्यांचं म्हणणं अर्धं तरी बरोबर आहे. ज्या वस्तूला काम ठरलंय तेवढीच ठेवायची आणि बाकीची आत्ताच कोणाला तरी द्यायची नाहीतर रिसायकलिंगला, "कधीतरी" म्हणजे बहुतेक वेळा कधीच नाही. आधी काचेच्या बरण्या निवडा कारण काचेला वास धरत नाही, डाग पडत नाही. लेबल निघत नसेल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मग जो चिकटपणा राहतो त्याला तेल आणि खायचा सोडा कालवून चोळा, थोडं थांबून घासणीने घासा, निघतंच. वास येतो तो बहुतेक झाकणाला असतो, त्याला उघडं ठेवून ऊन दाखवा. फक्त त्यात उकळतं काही ओतू नका, साधी काच तडकते, आणि फ्रीझरमध्ये ठेवायची तर वर जागा सोडा कारण पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं.

प्लॅस्टिकचा डबा उलटा करून बघा, तळाला त्रिकोणात नंबर असतो. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्यांचं, ते गरम पाण्यात आकसतं, त्यात गरम काही नको. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ते उष्णता बऱ्यापैकी सोसतं. चरे पडलेले डबे मात्र खाण्यासाठी नकोत, स्क्रू, बटणं, रोपं यांना चालतील. आणि फिनेल किंवा अ‍ॅसिडची बाटली कितीही धुतली तरी त्यात प्यायचं पाणी भरायचं नाही म्हणजे नाही, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नाही.

टीशर्टमध्ये सुती वेगळे काढा. पॉलिस्टर पाणी नीट शोषत नाही, त्याने फरशी पुसली की पाणी नुसतं इकडून तिकडे जातं. सुत्याचे हातभर तुकडे कापून ओट्याजवळ ठेवा, पेपर टॉवेलचा खर्च आपोआप कमी होतो. एक सांगते, लाकडाला जवसाचं तेल लावलेली फडकी बोळा करून ठेवू नका, ती आतून तापून पेटू शकतात, पसरून वाळवा.

प्रश्न : घरी खत करतेय पण बादलीला घाण वास येतोय, शेजारीही बोलले. बंद करू का?

उत्तर : बंद कशाला! ओलं जास्त आणि हवा कमी झालीय, एवढंच. भाज्यांच्या सालांचा एक भाग टाकला की सुकी पानं किंवा फाडलेल्या पुठ्ठ्याचे दोन भाग टाकायचे, अंदाजानेच, आणि दर दोन-तीन दिवसांनी ढवळायचं. मूठभर घेऊन दाबलं की एक-दोनच थेंब आले पाहिजेत, धार लागली तर अजून पुठ्ठा टाका. दुकानाच्या बिलाचा गुळगुळीत कागद मात्र त्यात नको, त्याला केमिकलचा थर असतो.

प्रश्न : फुकट मिळालेल्या कापडी पिशव्या खूप झाल्यात, चांगलंच ना?

उत्तर : वापरल्या तर. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासात असं निघालं की फक्त हवामानावरचा परिणाम धरला तरी साधी कापसाची पिशवी निदान ५२ वेळा वापरल्यावर ती प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. म्हणून आहेत त्यातली एक पर्समध्ये, एक गाडीत, एक दाराच्या खिळ्याला, आणि पुढची फुकट पिशवी कोणी देऊ केली की सरळ नको म्हणा.