पूर ओसरल्यानंतरची भीती

प्रश्न : २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीतले आमचे घर बुडाले. अजूनही पावसाची झड लागली की सासूबाई रात्रभर उंबऱ्याशी बसून राहतात. त्यांना एकदा सारे सविस्तर बोलायला लावावे का?

उत्तर : आग्रह करू नका. आपत्तीनंतर लगेच सर्वांना एका बैठकीत अनुभव सांगायला लावण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. परंतु तिने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा वाढूही शकतो, असे दिसल्याने जागतिक आरोग्य संघटना ती सुचवत नाही. जवळ बसा, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीची खरी बातमी द्या, कागदपत्रांची पिशवी त्यांच्यादेखत माळ्यावर ठेवा. त्या आपणहून बोलू लागल्या, तर ‘झालं गेलं विसरा’ असे मात्र कृपया म्हणू नका. इतक्या वर्षांनंतरही झोप उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवे. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.