जुन्या घरात कूलर लावला की लाईट मंद होते, टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटतो, पूर्ण फिटिंग बदलावी लागेल का?

भाऊ, चोपड्याकडचं आजोबांच्या वेळचं धाब्याचं घर, कूलर लावला की फक्त मागच्या दोन खोल्यांची लाईट मिणमिणते, कधी पूर्ण जाते, एमसीबी मात्र पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी वायरमन नाही, पण आमच्या पारोळ्याच्या घरात सेम हेच झालं होतं आणि दोन उन्हाळे आम्ही नुसते बल्ब बदलत बसलो.

दोन्ही भोकांत टेस्टर पेटला की लोक म्हणतात डबल फेज आली. बहुतेक वेळा तसं काही नसतं, न्यूट्रल कुठेतरी सुटलेला असतो आणि चालू बल्बमधून, कूलरमधून फेज फिरून न्यूट्रलच्या वायरीत येऊन उभी राहते, कारण तिला परत जायला रस्ताच नाही. त्या खोल्यांची सगळी बटणं बंद करा, प्लग काढा, मग टेस्टर लावून बघा, आता एकाच भोकात पेटला तर न्यूट्रलच समजा.

एमसीबी पडणार कसा, तो जास्त करंट गेला तर पडतो आणि सैल जॉइंटमध्ये करंट वाढत नाही, जॉइंट तापतो. कूलर 1 अँपिअर घेतो असं धरा, जॉइंटवर 20 व्होल्ट पडले तर हरभऱ्याएवढ्या जागेत 20 वॅट, म्हणजे सोल्डरिंगची छोटी इस्त्रीच झाली ती, आणि आपल्याकडे तो जॉइंट नेमका सागाच्या लाकडाला चिकटून असतो. म्हणून तो जॉइंट नीट होईपर्यंत कूलर लावू नका.

शोधायचं कुठे तर शेवटचा चांगला पॉइंट आणि पहिला मंद होणारा पॉइंट यांच्यामध्ये. आमचा मधल्या खोलीत होल्डरमागच्या लाकडी गोल ब्लॉकखाली सापडला. जुनी अ‍ॅल्युमिनियमची वायर, तिला नंतर कोणीतरी तांब्याची वायर नुसती पीळ मारून जोडलेली, वरची टेप जळक्या पापडासारखी, हात लावला तर चुरा. हे दोन धातू असे पिळले की काही वर्षांत जॉइंट पांढरा पडून सैल होतो. वायरमनने दोन्ही टोकं कापून कनेक्टरमध्ये घट्ट बसवली, पाऊण तासाचं काम. हे करताना मेन बंद, आणि हात लावायच्या आधी परत चेक करायचं.

पूर्ण फिटिंगचं म्हणाल तर वायर वाकवल्यावर रबर तडकून गळत असेल तर बदलाच, पूर्ण फिटिंग बदला म्हणणारा वायरमन खरं बोलतोय. पीव्हीसी अजून मऊ असेल तर जॉइंट करा आणि मेनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर कुठे गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवा. ती बसवल्यावर लगेच पडायला लागली तर शिव्या देऊ नका, जुन्या घरात कुठेतरी लीकेज असतंच, तेच दाखवतेय ती. आणि हो, सगळ्या घराची लाईट कमीजास्त होत असेल, थ्री फेज कनेक्शन असेल आणि काही बल्ब एकदम लखलखीत होत असतील तर लगेच मेन पाडा आणि वीज कंपनीला कळवा, नाहीतर टीव्ही फ्रिज गेला म्हणून समजा.

एक मात्र करू देऊ नका. न्यूट्रल सापडत नाही म्हणून अर्थिंगवरून न्यूट्रल घेऊन देणारे वायरमन आहेत, लाईट लगेच चकाचक होते. पण मे महिन्यात 44 डिग्रीत अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक असतो, मग तोच करंट कूलरच्या पत्र्यावर येतो आणि ओल्या हाताने त्यात बादली ओतणारी घरची बाईच असते.