इर्कुत्स्कला एकच दिवस असेल तर बैकलच्या मागे लागू नका

मॉस्को ते व्लादिवोस्तोक रेल्वेने जाताना सायबेरियातल्या इर्कुत्स्कला एकच दिवस उतरायचं आणि त्यातच बैकल सरोवर उरकायचं, जमेल का असं विचारलंयत. जमेल, पण नका करू. सरोवराकाठच्या लिस्तव्यांका गावाला जाऊन येण्यातच दिवस संपतो आणि बैकल तर पुढच्या गाडीतून फुकटात दिसतंच, स्ल्युद्यांका स्टेशननंतर दोनेकशे किलोमीटर रूळ पाण्याच्या कडेकडेनेच जातात, फक्त सकाळची गाडी बघा आणि डाव्या बाजूची खिडकी पकडा. तिकिटं मात्र दोन वेगळी काढा, इर्कुत्स्कपर्यंत एक आणि तिथून पुढे दुसरं.

सामान स्टेशनच्या लगेज रूममध्ये टाका. गाव अंगारा नदीच्या पलीकडे आहे, १ नंबरची ट्राम पूल ओलांडून सेंटरला नेते.

आधी वोल्कोन्स्कींचं घर, आता तिथे संग्रहालय आहे. १८२५च्या डिसेंबरात पीटर्सबर्गला झारविरुद्ध बंड झालं, पाच जणांना फाशी आणि शंभरावर लोकांची रवानगी सायबेरियात, त्यातले हे एक सरदार. बायको मारिया तान्ह्या मुलाला मागे ठेवून नवऱ्यापाठोपाठ आली, ते मूल तिला परत दिसलंच नाही. सक्तमजुरी संपल्यावर बऱ्याच वर्षांनी हे कुटुंब इर्कुत्स्कात राहायला आलं आणि याच घरात गाण्याच्या मैफली, नाटकं व्हायला लागली, म्हणजे शिक्षा भोगायला आलेल्यांनी गावाला शहाणं केलं म्हणा ना! पिरॅमिडच्या आकाराचा पियानो चुकवू नका. सोमवारी बंद असतं हां.

मग ज़्नामेन्स्की मठ. या बंडवाल्यांच्या बायकांपैकी नवऱ्यामागे सायबेरियात सगळ्यात आधी आलेली येकातेरिना त्रुबेत्स्काया, तिची कबर तिथे आहे, आणि अलास्कात रशियन वसाहत करणाऱ्या शेलिखोवचीही. १९२०मध्ये बोल्शेविकांनी गोळ्या घातलेल्या, त्यांच्या विरोधी फौजांच्या सेनानी कोल्चाकचा पुतळा बाहेरच आहे, काय तो शेजार!

लाकडी घरं तर रस्त्यांवर सहज दिसतात, १८७९च्या आगीत बरंचसं गाव जळूनही. काहींच्या खिडक्या पार जमिनीला टेकल्यात, तरी चौकटीवरचं कोरीवकाम बघत राहावं असं. १३०वा क्वार्टल हा लाकडी घरांचा, हॉटेलांचा भाग मात्र २०११च्या सुमारास नव्याने उभा केलेला, मला जरा सेटसारखाच वाटला. जेवायला ठीक आहे. तिथली पोझी दिसते उकडीच्या मोदकासारखी पण आत मांस, त्यामुळे व्हेज असाल तर वारेनिकी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, मागा.

आणि आपली व्हिसा-मास्टरकार्ड २०२२पासून तिथे चालत नाहीत, सेंटरमध्येच बँक गाठून डॉलरचे रुबल करून घ्या.