गर्भजल तपासणीच्या सुईमुळे गर्भपात होण्याचा धोका नेमका किती?

डबल मार्कर या रक्तचाचणीत पत्नीच्या बाळात डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याची जोखीम १:१८० आली, डॉक्टरांनी गर्भजल तपासणी (बाळाभोवतीचे पाणी सुईने काढून गुणसूत्रे तपासणे) सुचवली, पण ‘सुईमुळे शंभरात एक गर्भ पडतो’ असे नातेवाइकांकडून ऐकल्याने निर्णय होत नाही, असे आपण लिहिले आहे. चार वर्षांपूर्वी मीही याच आकड्यापाशी अडले होते.

हा आकडा खोटा नाही, जुना आहे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात २५ ते ३४ वयाच्या ४,६०६ स्त्रिया होत्या. तपासणी केलेल्यांपैकी १.७ टक्के आणि न केलेल्यांपैकी ०.७ टक्के स्त्रियांचा गर्भपात झाला. म्हणजे सुई न टोचताही काही गर्भ जातातच, सुईकडे बोट दाखवायचे ते फक्त मधल्या फरकासाठी. २०१९ च्या एकत्रित विश्लेषणात तो फरक सुमारे ०.३ टक्के निघाला आणि मुळात सारखीच जोखीम असलेल्या स्त्रियांची तुलना केल्यावर ०.१ टक्क्याच्या आसपास उरला, कारण ज्या गर्भात गुणसूत्रांचा दोष असतो तो तपासणीविनाही पडण्याची शक्यता अधिक असते. मी स्वतः मात्र ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांचा सावध आकडा, म्हणजे ०.५ टक्क्याहून कमी, हाच धरून चालले होते.

माझी तपासणी सतराव्या आठवड्यात झाली. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळापासून दूर असलेला पाण्याचा कप्पा शोधला आणि सुईचे टोक शेवटपर्यंत नजरेसमोर ठेवले. पहिले थोडे पाणी, त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात म्हणून, बाजूला काढले. मग सिरिंजमध्ये फिकट पिवळे पाणी भरत गेले. ओटीपोटात पाळीसारखी कळ संध्याकाळपर्यंत राहिली.

पंधरा आठवडे पूर्ण होण्याआधी ही तपासणी करून घेऊ नका. त्यात गर्भपाताचा आणि बाळाचे पाऊल वाकडे होण्याचा धोका वाढतो. पत्नीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून ते देतात) आधीच विचारा. नंतर अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, ताप आला, तर थांबू नका. आईच्या रक्तावरून होणाऱ्या एनआयपीटीत गर्भपाताची भीती नाही, तिचाही विचार जरूर करा, पण ती चाळणी आहे, म्हणजे धोका जास्त की कमी एवढेच सांगते, निदान नव्हे.

शिवाय १९९४ च्या गर्भलिंगनिदान-प्रतिबंधक कायद्यानुसार या तपासणीसाठी लेखी संमती लागते ती गर्भवतीची, तिला समजणाऱ्या भाषेत. नवऱ्याची किंवा सासूची नव्हे. तो कागद तिला सावकाश वाचू द्या आणि त्याची प्रत मागून घ्या.