कढई दोन कानांची घ्यावी की लांब दांड्याची?

घरात सत्तरीचे आई-वडील आहेत म्हणताय ना, मग दोन कानांचीच घ्या. दांड्याची भरलेली कढई कलंडू नये म्हणून सगळा पीळ एकाच मनगटावर येतो. कानांमुळे वजन दोन्ही हातांत वाटून जातं. शिवाय ओट्याबाहेर आलेल्या दांड्यात पदर अडकतो तो वेगळाच.

पण कान बसवलाय कसा, रिव्हेटने म्हणजे आरपार खिळा ठोकून की ठिपक्याठिपक्यांवर वेल्ड करून, हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि माझा वाद तिथंच आहे.

मी सोलापुरात यंत्रमागावर फिटर होतो. मेहुण्याचं भांड्यांचं दुकान. त्याचं म्हणणं, रिव्हेटभोवती मळ साठतो, आता स्पॉट वेल्डिंगचा जमाना. एका गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत भोगीला, अक्षता सोहळा बघून आम्ही सगळे त्याच्याकडे जेवायला गेलो. भोगीच्या भाजीची भरलेली स्टीलची कढई एका कानाला त्याने धरली, दुसऱ्याला मी. उचलली आणि माझ्याकडचा कान हातातच आला. निम्मी भाजी फरशीवर. कुणी भाजलं नाही हे नशीब. तर हा पठ्ठ्या म्हणतो काय, "दाजी, तुम्हीच तिरकी उचलली!"

अरे, तिरकी कसली! कान बाहेरच्या टोकाला वर ओढला जातो, म्हणून त्याची खालची कड पत्र्यापासून सुटायला बघते. पत्रा पातळ, वेल्डचे ठिपके दोनच, खालचा गेला की वरचा लगेच जातो. रिव्हेट असा दगा देत नाही. आधी ढिला होतो, चार दिवस खुळखुळतो, बायको कटकट करते, मग आतून ऐरण लावून बाहेरून हातोडीचे ठोके दिले की पुन्हा घट्ट. वेल्ड आधी काही बोलतच नाही.

बेकलाइटचे, म्हणजे त्या कडक काळ्या प्लास्टिकचे कान चांगले, 1907 पासूनचा माल आहे आणि उष्णता हातापर्यंत येऊ देत नाही. फक्त मोठ्या बर्नरवर छोटी कढई ठेवू नका. बेकलाइट वितळत नाही, पण ज्योत लागली की करपतो, तडकतो. कान नुसते स्टीलचे असतील तर जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा चार पदरी करून घ्या. दुकानात कानात चार बोटं घालून बघा, तीही फडक्यासकट.

आता खरं सांगायचं तर जाड बुडाच्या चांगल्या भांड्याचा वेल्ड टिकतो, आणि रिव्हेटभोवती मळ साठतो हेही खोटं नाही, ब्रशने घासावं लागतं. फोडणीच्या कढल्याला दांडाच हवा. आई-वडिलांपैकी कुणाचा एक हात अधू असेल तर माझं पहिलं वाक्य विसरा. मग लहान, हलकी, दांड्याचीच बघा, समोर मदतीला एक कान असलेली.

मेहुण्या, तू हे वाचणारच. ती कढई अजून तुझ्या माळ्यावर आहे. तुटल्या जागी दोन गोल डाग आहेत, उतरवून बघ, आणि तिरक्या हाताने ते कसे पडतात ते मला सांग.