बारावी कॉमर्सनंतर इलस्ट्रेटर होता येईल का?

हो, नक्की. बीएफएला, म्हणजे ललित कलेच्या पदवीला, बारावीची शाखा आड येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पण काम देणारे संपादक पदवी क्वचितच विचारतात, ते पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या निवडक चित्रांचा संच, बघतात.

त्यात नुसती सुटी, देखणी चित्रं भरू नका. एखादी गोष्ट घ्या, समजा म्हातारी आणि भोपळ्याची, आणि ती सलग आठ-दहा पानांवर काढा. समोरून, पाठमोरी, वाघाला घाबरलेली, भोपळ्यातून डोकावणारी, प्रत्येक पानावर ती तीच म्हातारी वाटली पाहिजे. नाक, लुगडं, कमरेतला बाक सगळं तेच. हे जमणं सर्वांत अवघड, आणि संपादक नेमकं हेच शोधत असतात. मजकुराला जागा सोडा, चेहरा दोन पानांमधल्या घडीत जाऊ देऊ नका. आधी पेन्सिलीचे कच्चे आराखडे, रंग नंतर.

महागडा टॅबलेट लगेच नको. संगणकाला जोडलेल्या साध्या पेन टॅबलेटवर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर चालतं, तेही फुकट. छपाईसाठी फाइल ३०० डीपीआयची (एका इंचात ३०० ठिपके) ठेवा.

दिवाळी अंकांची तयारी काही महिने आधीच सुरू होते, त्यामुळे उन्हाळ्यातच नमुने पाठवा. मानधन, दुरुस्त्या किती वेळा आणि चित्रांचे हक्क कोणाकडे, हे लेखी झाल्याशिवाय काम सुरू करू नका.